बोटांचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत

आपल्या डिक्शनरीत 'अपग्रेड'चा अर्थ एकच. जुनं द्या, वर पैसे भरा, नवं आणा. फोन दोन वर्षांत म्हातारा, लॅपटॉप पाच वर्षांत. मग ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीच्या डिझाइनच्या करवतीसाठी कुणी वीकेण्डमागून वीकेण्ड गॅरेजमध्ये घालवत असेल, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? येडा, हो ना?

अमेरिकेत असे येडे भरपूर आहेत आणि सध्या मी त्यांची फॅन आहे. त्यांचं एक लाडकं मशीन म्हणजे डेल्टा कंपनीची युनिसॉ. मिलवॉकीत 1939मध्ये जन्मलेली. टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून डोकं वर काढणारी गोल करवत. तिरका काप हवा असेल, तर त्या काळच्या बऱ्याच मशीन्समध्ये अख्खं टेबल कलवावं लागायचं. युनिसॉत टेबल जागच्या जागी राहतं, 10 इंची पातं आतून कलतं. वर बिडाचा जाडजूड टॉप, मोटर पोटात. वजनामुळे थरथर कमी, म्हणून काप स्वच्छ.

असं मशीन जुन्या वर्कशॉपमधून गंजून येतं. मग सुरू होते सेवा. सगळे पार्ट सुटे करायचे. छोटे लोखंडी पार्ट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून बॅटरी चार्जरचा करंट सोडायचा. पार्ट निगेटिव्हला, भंगार लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. गंज सुटतो, खालचं लोखंड शाबूत. (हे मोकळ्या हवेत बरं का, हायड्रोजन निघतो!) बेअरिंग आणि पट्टे नवे. टॉपला मेण, म्हणजे गंज पुन्हा फिरकत नाही.

आता अपग्रेड. कारखान्यातल्या मशीनला बऱ्याचदा थ्री-फेज मोटर असते आणि घरात सिंगल फेज. म्हणून कित्येकदा ही मशीन्स स्वस्तात सुटतात. व्हीएफडी नावाचा डबा मध्ये लावला की तीच मोटर घरी फिरते. लाकडाला सरळ रेषेत नेणारी जुनी फेन्स काढून बिझमायर पद्धतीची टी-स्क्वेअर फेन्स बसवतात. इथपर्यंत सगळं झकास.

पण एक गोष्ट मला खटकते. कापताना लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला आवळलं, तर वर येणारे दात ते उचलून थेट तुमच्या अंगावर भिरकावतात. याला किकबॅक म्हणतात. तो रोखायला पात्यामागे रायव्हिंग नाइफ हवी, पात्यासोबत वर-खाली होणारी आणि कलणारी. युनिसॉला ती कंपनीकडून मिळाली 2009च्या नव्या डिझाइनमध्ये. त्याहून भारी तंत्र सॉस्टॉपचं. त्याची कल्पना स्टीव्ह गॅस यांची, 1999ची. कातडीचा स्पर्श झाला की अॅल्युमिनियमचा ब्रेक पात्यात घुसतो आणि सुमारे 5 मिलिसेकंदांत पातं थांबतं. हे तंत्र मशीनच्या रचनेतच गुंफलेलं असतं. जुन्या मशीनला वरून जोडता येत नाही.

म्हणजे खरी चॉइस इथे आहे. चकाचक पॉलिश केलेलं मशीन दिसतं नवं, पण सुरक्षेच्या बाबतीत ते 1939मध्येच असतं. हौस जरूर करा, पण बजेटमध्ये पहिली ओळ रंगाची नको. आधी स्प्लिटर, पात्यावरचं गार्ड, लाकूड ढकलायची पुश स्टिक. सिंगल फेज मोटर असेल, तर वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू न होणारा मॅग्नेटिक स्विच. आणि पात्याला हात लावण्याआधी प्लग बाहेर. एवढं करूनही सॉस्टॉपची बरोबरी होत नाही, हे लक्षात ठेवूनच मशीन चालवायचं. घरात लहान मुलं गॅरेजमध्ये घुटमळत असतील, तर मी सरळ नव्या मशीनला मत देईन.

तरीही हे येडे मला आवडतात. जुनं फेकायच्या आधी ते उघडून बघतात, काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते ठरवतात. आपण तर नोकरी, फोन आणि कधी कधी माणसंसुद्धा न उघडताच बदलतो. फक्त त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, बेअरिंग दुकानात मिळतं. बोट नाही!