केंद्रीय यंत्रणेने अटक केल्यास मोफत वकील मिळतो का?

घरातील कुणाला सीबीआय, ईडी किंवा एनआयएने अटक केली, की अनेकांना वाटते : खटला केंद्राचा आहे, मोठा वकील परवडणार नाही, म्हणजे बचाव संपला. हा समज चुकीचा आहे. मात्र मदतीच्या सर्व योजना अशा खटल्यांना लागू होत नाहीत. हा फरक आधीच जाणून घ्या.

वकिलासाठी उत्पन्नाची अट आहे का?
नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही उत्पन्नाची मर्यादा नाही. गुन्हा कोणत्या यंत्रणेने नोंदवला यावर पात्रता ठरत नाही.

हा हक्क केव्हा सुरू होतो?
अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. कसाब प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या पहिल्या हजेरीतच आरोपीला वकिलाच्या हक्काची माहिती द्यावी आणि त्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा. म्हणून त्याच वेळी न्यायालयाला तसे सांगा.

अटकेची कारणे कोणत्या भाषेत?
ईडीने कारणे लेखी द्यावीत, असा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. मे २०२४ मध्ये तोच नियम यूएपीएला लागू झाला. नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयाने तो सर्व गुन्ह्यांसाठी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, असा विस्तारला. परराज्यात अटक झाली आणि तुम्हाला मराठीच समजत असेल, तर तसे नोंदवून घ्या. ईडीच्या ईसीआयआरची प्रत मिळेलच असे नाही. त्यामुळे हा लेखी कागद वकिलासाठी फार महत्त्वाचा ठरतो.

जामिनाचे पैसे मिळतात का?
इथे मोठी त्रुटी आहे. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून जामिनाची रक्कम भरता येते. पण तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, पीएमएलए, एनडीपीएस आणि यूएपीएखालील आरोपींना वगळले. केंद्रीय यंत्रणांचे अनेक खटले याच कायद्यांखाली चालतात. म्हणजे वकील मोफत मिळाला, जामीनही मंजूर झाला, तरी पैशांअभावी गरीब आरोपी तुरुंगात राहू शकतो. अशा वेळी रक्कम किंवा अटी शिथिल करण्याचा अर्ज करण्यास वकिलाला सांगा.

अर्ज कुठे करावा?
• १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.
• खटला ज्या जिल्ह्यात आहे, तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; गावाकडच्या कार्यालयात नव्हे.
• आरोपी तुरुंगात असल्यास तेथील विधी सहाय्य केंद्रातून अर्ज द्या.

नेमलेल्या वकिलाने फी मागितल्यास देऊ नका. प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.