नोंदणी कोणाच्या रक्षणासाठी?

लहान व्यावसायिकाला परवान्यांच्या जाचातून मुक्त केल्याची ग्वाही राज्यकर्ते गेली काही वर्षे देत आहेत. नोंदणी म्हणजे जाच, आणि ती गेली म्हणजे स्वातंत्र्य आले, असे हे सोपे समीकरण आहे. आपल्यापैकी काहींनाही ते पटू लागले आहे. म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

वस्तुतः नोंदणी दोन प्रकारची असते. एक दुर्बलाच्या हाती हक्काचा पुरावा देते, दुसरी त्याला अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवते. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मंडळाच्या दप्तरी लागले. त्या नोंदीमुळेच त्याची मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. हमालांनी ती नोंद लढून मिळवली होती.

आता आजची स्थिती पाहा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना गुमास्ता परवान्यातून सोडवले. मालकाने केवळ सूचना दिली की पुरे. त्याचे हेलपाटे वाचले याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याच फटक्यात तेथील नोकर कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी यांविषयीच्या या कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये तर ही मर्यादा वीसवर नेण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. कागद कमी झाला मालकाचा, हक्क गेला कामगाराचा.

उलट जो स्वतःहून कागद मागतो, त्या पथारीवाल्याला मात्र तो मिळत नाही. रस्त्यावरील विक्री हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच मान्य केले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवण्यास मनाई केली. हा कायदा विक्रेत्याकडून हमी मागतो ती एवढीच की, धंदा तो स्वतः वा कुटुंबीयांमार्फत करील, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि प्रमाणपत्र तो दुसऱ्याला देणार नाही. तरीही महाराष्ट्राच्या योजनेने अधिवास दाखल्याची अट घातली. झोपडीत भाड्याने राहणाऱ्या बाईने पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणावा कोठून? मुंबईत 2014 च्या पाहणीत सुमारे 99 हजार अर्ज आले. 2024 साली नगर पथविक्रेता समितीच्या निवडणुकीत मतदार होते सुमारे 32 हजार. उरलेल्यांची भूक अपात्र ठरवता येत नाही.

परवाने गरजेपेक्षा कमी ठेवले की टंचाईला किंमत येते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. ही किंमत पालिकेच्या तिजोरीत न जाता हप्त्याच्या रूपाने वसूल होते. आणि उसनवारीने आणलेली भाजी अतिक्रमणाच्या गाडीत गेली की आजच्या कमाईबरोबर उद्याचे भांडवलही बुडते.

पदपथ चालणाऱ्याचाही आहे, हा आक्षेप रास्त आहे. पायी चालणारा बहुधा गरीबच असतो. पण त्याचीही तरतूद कायद्यात आहे. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत धरली आहे, आणि समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. जागांचा तंटा या समितीत बसून सोडवायचा आहे, लाठीने नव्हे.

तेव्हा 'परवाना नको' ही आपली घोषणा होऊ शकत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी समिती आहे का, दर पाच वर्षांची पाहणी झाली का, हे नगरपालिकेत जाऊन लेखी विचारावे. पथारीवाल्यांचे अर्ज बसून भरून द्यावेत. आणि लहान दुकानांतील नोकरांच्या याद्या आपणच करू लागावे. सरकारने ज्यांची नोंद ठेवणे सोडले, त्यांची नोंद चळवळीने ठेवली पाहिजे. माथाडी कायद्याआधी हमालांची संघटना अशीच माणूस माणूस जोडत उभी राहिली होती.