पोलीस पाटलाची मुलाखत : वशिला नको, गावाची ओळख हवी

प्रांत कचेरीतून पोलीस पाटील भरतीचा जाहीरनामा निघाला, की गावात दोन धावपळी सुरू होतात. पोरं-पोरी सामान्य ज्ञानाची पुस्तकं आणायला तालुक्याला पळतात आणि बाप वशिला शोधत पुढाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. 'ते २० गुण काही आपल्या हातात नाहीत बुवा,' असे बाप म्हणतो. आमचे म्हणणे असे, की त्यातले बरेचसे आपल्याच हातात आहेत.

आमच्या पाहण्यातला एक पदवीधर मुलगा. लेखीत गावात पहिला. मुलाखतीत साहेबांनी विचारले, तुमच्या गावाला वाड्या किती? शीव कोणकोणत्या गावांना लागून आहे? पुरात कोणता रस्ता बंद पडतो? पोरगा गप्प! देशोदेशीच्या राजधान्या तोंडपाठ, पण स्वतःच्या गावची वस्ती सांगता येईना. निवड दुसऱ्याची झाली. बाप म्हणाला, वशिला कमी पडला. वशिला कुठे चालतच नाही, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण जो गप्प बसतो त्याला डावलणे फार सोपे जाते, एवढे ध्यानात घ्या.

पाटीलकी पिढीजात होती तो काळ गेला. आज हे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याने चालते. गावातले गुन्हे, लोकांचे आरोग्य आणि गावाची एकूण स्थिती यांची खबर दंडाधिकाऱ्यांना देणे, गुन्हा व उपद्रव टाळणे, पोलिसांना तपासात मदत करणे ही कामे त्यात सांगितली आहेत. म्हणजे साहेब गावाबद्दल विचारतात ते उगीच नव्हे.

काही प्रश्न नेहमीचे आहेत. बांधावरून भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उठले, काय कराल? 'बांध कुणाचा ते मी ठरवीन,' म्हणालात की फसलात. तो अधिकार पोलीस पाटलाला नाही. त्याने दोघांना बाजूला करायचे आणि ठाण्याला कळवायचे. विहिरीत अनोळखी प्रेत दिसले? कोणाला हात लावू द्यायचा नाही, ताबडतोब ठाण्याला वर्दी द्यायची. बालविवाह ठरल्याचे कळले? ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंध अधिकारी, हे माहीत हवे. त्याला आणि पोलिसांना सांगायचे. १०९८ आणि ११२ हे नंबर तोंडपाठ हवेत. जुन्या पुस्तकातली भारतीय दंड संहिता घोकू नका. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे.

तयारी कशी करावी? आठ दिवस संध्याकाळी गाव फिरा. ज्या वस्तीत कधी गेला नाहीत तिथे आधी जा. कोतवालाशी बोला, जुन्या पोलीस पाटलांच्या पायाशी बसा. आशाताईंना साथीचे आजार विचारा. घरातल्या मोठ्या माणसाला साहेब करून समोर बसवा आणि मोठ्याने उत्तरे द्या. पहिल्या दिवशी जीभ अडखळते, चौथ्या दिवशी सुटते. मूळ कागद आदल्या रात्रीच क्रमाने लावा. नव्या कपड्यांसाठी उसनवारी नको; धुतलेले, इस्त्रीचे पुरे. बोलताना पुस्तकी मराठी नको, आपली बोली चालते. येत नसेल तर 'साहेब, माहीत नाही, माहिती करून घेईन,' म्हणा. थापा लगेच उघड्या पडतात.

मुलींनाही पुढे पाठवा. महिलांना राखीव जागा असतात, आणि कितीतरी गावांत बायका हे काम नेटाने करीत आहेत.

आता दोन शब्द तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि कामावरच्या पोलीस पाटलांना. जाहीरनामा निघाला, की एक संध्याकाळ शाळेत सगळ्या उमेदवारांना बोलवा आणि गावाची माहिती सांगा. आपला भाचा-पुतण्या रांगेत असला, तरी सर्वांना सारखीच सांगा. उद्या रात्री दोन वाजता तुम्हाला उठवायला यातलाच कोणीतरी येणार आहे. तो गाव ओळखणारा असावा, यात तुमचाही फायदा आहेच ना?