कातडीचा प्रश्न क्षुल्लक नाही

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी स्त्री-कार्यकर्त्यांचे शिबिर झाले. किमान वेतनावरील व्याख्यान संपल्यावर पन्नाशीतल्या एका शेतमजूर बाईने हळूच विचारले, “पाळी गेल्यापासून सगळ्या अंगाला खाज सुटते, टाचा फुटल्यात, कातडी कागदासारखी झाली. याला काही औषध हाय का?” व्याख्याते हसले. “बाई, हा सौंदर्यप्रसाधनांचा विषय आहे. आपण इथे हक्कांविषयी बोलत आहोत,” असे म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न मागवला. त्या हसण्याचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण ते एकट्या त्या व्याख्यात्याचे नव्हते. आपल्या सर्वांचेच होते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतात स्त्रीची पाळी सर्वसाधारणपणे वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. बीजांडकोषांतून स्रवणारे इस्ट्रोजेन त्यानंतर झपाट्याने घटते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन पहिल्या पाच वर्षांतच सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. त्वचा पातळ होते, तिच्यातील तेल आणि ओलावा आटतो, जखम भरायला वेळ लागतो. खाजेने झोप मोडते. जननेंद्रियाची त्वचाही कोरडी पडते आणि लघवीला जळजळ होऊ लागते. जिचे हात, पाय आणि पाठ हेच उत्पादनाचे साधन आहे, तिच्या बाबतीत याला ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा निष्ठुरता तरी.

आपण ज्या प्रश्नाकडे पाठ फिरवली, त्याच्याकडे बाजाराने मात्र कधीच पाठ फिरवलेली नाही. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा एक ‘अभावजन्य रोग’ ठरवला आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तारुण्य टिकते अशी ग्वाही दिली. या प्रचारामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढे उघड झाले. १९७५ साली नुसत्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी असलेला संबंध संशोधकांनी दाखवून दिला. २००२ साली अमेरिकेतील एका प्रचंड सरकारी चाचणीतील संयुक्त संप्रेरकांचा भाग स्तनांच्या कर्करोगाचा आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. याचा अर्थ संप्रेरके हे विष आहे, असा नव्हे. तीव्र त्रास असलेल्या, पाळी जाऊन फार वर्षे न झालेल्या स्त्रीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उपयोगी पडतात, हे आजचे वैद्यकशास्त्र मानते. परंतु सुरकुत्या घालवण्यासाठी ती घेऊ नयेत, हेही तेच शास्त्र सांगते.

आज गोळीची जागा डबीने घेतली आहे. ‘वय थांबवणारे’ मलम हजार-दोन हजार रुपयांना विकले जाते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या हाती गल्लीतला दुकानदार गोरेपणाच्या आणि वांगाच्या नावाखाली स्टेरॉइडयुक्त मलमाची ट्यूब ठेवतो. असली कित्येक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला. तरीही विक्री थांबलेली नाही. स्टेरॉइडने त्वचा आणखी पातळ होते. म्हणजे रजोनिवृत्तीने जे हळूहळू होते, तेच ही ट्यूब घाईने करते.

आता या प्रश्नाचे दुसरे टोक पाहा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतात. मुकादमाकडून उचल घेऊन ते कारखान्याच्या फडात जातात आणि कामाचा खाडा झाला की दंड भरतात. पाळीच्या वेदनेलाही सुट्टी नाही. अशा स्थितीत ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला विकला गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या. पिशवीबरोबर बीजांडकोषही काढले, तर पाळीबरोबर इस्ट्रोजेनही एका दिवसात जाते. कोष राखले तरी ते लवकर थकण्याचा संभव वाढतो. हीच बाई उन्हात उभी राहून, पाचटाच्या धारेने हात चिरून घेत, उसाच्या मोळ्या वाहते.

इतक्या लहान वयात कोष गमावलेल्या स्त्रीला, अन्य काही अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे वैद्यकशास्त्र सांगते. तिची हाडे आणि हृदय यांना त्याची गरज असते. ज्या औषधाचा बाजार सुखवस्तू स्त्रीला तारुण्याचे आमिष दाखवून उभा केला गेला, ते ज्या स्त्रीला खरोखर हवे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. या व्यवस्थेतील विषमतेचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

साथींनो, त्या शेतमजूर बाईला उत्तर देणे अवघड नव्हते. कढत पाण्याऐवजी कोमट पाण्याने अंघोळ करावी. कपड्यांचा साबण अंगाला लावू नये. अंगाचा साबणही काखा, जांघा आणि पाय यांच्यापुरता वापरावा. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. रात्री टाचांना व्हॅसलीन लावून मोजे घालावेत. उन्हात पूर्ण बाहीचा सदरा आणि डोक्याला रुमाल असावा. खाज हटत नसेल तर रक्त, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, अथवा एखादे व्रण भरेना, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. हे सांगायला पाच मिनिटे पुरली असती, आणि हजार रुपयांच्या डबीची गरज उरली नसती.

परंतु कोमट पाणी आणि पूर्ण बाहीचा सदरा सांगणे सोपे आहे. पालावर पाणीच नसेल, तर ती अंघोळ कोठे करणार? म्हणूनच हा प्रश्न सल्ल्यावर संपत नाही, तेथून तो मागणीच्या पातळीवर जातो. प्रत्येक उपकेंद्रात खाजेचे आणि कोरडेपणाचे साधे मलम व जननेंद्रियासाठीचे इस्ट्रोजेनचे मलम मोफत मिळाले पाहिजे. पिशवी काढलेल्या प्रत्येक स्त्रीची नोंद होऊन तिची पुढील तपासणी सरकारने केली पाहिजे. फडावर स्नानगृह, पाणी, हातमोजे यांची जबाबदारी कारखान्याची आहे, आणि दुखण्याच्या दिवसाचा खाडा बंद झाला पाहिजे.

आपण स्त्रीविषयी बोलतो तेव्हा बालविवाह, बाळंतपण आणि हुंडा येथे थांबतो. मूल होण्याचे वय संपले की जणू तिचे शरीरही आपल्या कार्यक्रमपत्रिकेतून गळते. ज्या व्यवस्थेला स्त्री केवळ प्रसवाचे यंत्र म्हणून हवी आहे, तिचीच ही दृष्टी आपण नकळत उचललेली आहे. पुढच्या शिबिरात ती बाई पुन्हा हात वर करील. त्या वेळी व्याख्यात्यांनी हसू नये. वहीत तिचे म्हणणे लिहून घ्यावे आणि ते मागणीपत्रात पहिल्या पानावर घालावे.