पंगतीत मांडी घालून

लग्नकार्यात पंगत बसली की एखाद्या स्थूल गृहस्थासाठी कोपऱ्यात टेबल-खुर्ची मांडली जाते. मांडी घालून बसणे त्याला जमत नाही आणि बसलाच तर दोघांनी हात दिल्यावाचून उठता येत नाही. गंमत अशी की, जिलबीचे ताट घेऊन फिरणारा यजमान सर्वाधिक आग्रह त्यालाच करतो. ‘तुम्हीच नाही म्हणालात तर खायचे कोणी?’ या वाक्यावर सारी पंगत हसते, तोही हसतो. पुढे त्याच गृहस्थाने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, दीड-दोन वर्षांत चाळीस किलो वजन उतरले आणि तो इतरांबरोबर पाटावर बसू लागला, की आग्रह करणाऱ्यांपैकीच कोणीतरी शेजारच्याच्या कानात पुटपुटतो, ‘पोट कापून घेतले म्हणे! तोंडाला आवर घातला असता तर लाखो रुपये वाचले असते.’

स्थूल माणसाविषयीची आपल्या समाजाची भूमिका या दोन वाक्यांत सामावलेली आहे. आधी आग्रह, मग उपहास; आणि त्याने उपाय केलाच, तर तो उपायही पळवाट ठरवायचा. वस्तुतः स्थूलता हा चारित्र्याचा दोष नसून व्याधी आहे, ही जाण या भूमीला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन अवस्थांचा सविस्तर विचार आहे. अतिस्थूलाच्या वाट्याला येणारे आठ दोष तेथे सांगितले आहेत. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दौर्बल्य, घामाचा त्रास, अनावर भूक आणि तहान हे त्यांपैकीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कारणे सांगताना अतिआहार, दिवसा झोप आणि व्यायामाचा अभाव यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’ म्हणजे आनुवंशिकताही मोजली आहे. आजचे शरीरशास्त्र त्यात भर घालते. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. त्यामुळे निर्धाराने वीस किलो उतरवलेल्या माणसाचे तेच वीस किलो परत येतात तेव्हा त्याच्या निर्धाराला नावे ठेवणे अन्यायाचे ठरते.

भारतीयांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बिकट आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली होती. उंची-वजनावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेला भारतीयही आतून स्थूल असू शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणूनच मधुमेह आणि हृद्रोग आपल्याकडे कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात. त्यातच वजनही वाढत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आढळले.

या पार्श्वभूमीवर शस्त्रक्रियेकडे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात ‘गॅस्ट्रिक बायपास’ची पद्धत विकसित केली. तीत जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. आज अधिक रूढ असलेल्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकला जातो. दोन्ही बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने होतात. खाण्याला जागा कमी उरते हा तर परिणाम आहेच. पण भूक चेतवणाऱ्या आणि साखर नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांचा तोलही बदलतो, आणि खरी किमया तेथे आहे. मधुमेह्यांची साखर कित्येकदा वजन उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागते, ती त्यामुळेच. अनेकांच्या गोळ्या आणि इन्सुलिन सुटते. काहींचा मधुमेह मात्र कालांतराने परततो.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे दोन हजार आणि न केलेल्या तितक्याच स्थूल रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया केलेल्यांचे आयुर्मान तीन वर्षांनी अधिक भरले. मात्र सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. उपाय मोठा आहे, जादू नव्हे.

तथापि हे सारे सोसणारा माणूस तीन वर्षांचा हिशेब मांडत बसत नाही. त्याला परत मिळते ते दैनंदिन जीवन. खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येणे, एस.टी.च्या बाकावर शेजाऱ्याची नजर न चुकवता बसणे, गावच्या घरी भारतीय पद्धतीच्या शौचालयाची धास्ती न वाटणे, दुकानात तयार शर्ट अंगाला येणे, या गोष्टींचा आनंद ज्यांना त्या कधी दुरावल्याच नाहीत त्यांना कळणे कठीण. एक किलो वजन उतरले की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसून आले होते. तीस किलोंचा गुणाकार वाचकांनीच करावा. वर्षानुवर्षे पायथ्याशी गाडीत बसून राहिलेला बाप मुलांबरोबर सिंहगड चढतो. झोपेत श्वास अडकण्याचा विकार कमी झाल्याने रात्रीची झोप लागते आणि पत्नीचीही घोरण्यापासून सुटका होते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी नियमित होते, लांबलेले मातृत्व शक्य होते. मात्र शस्त्रक्रियेनंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे सासरच्या मंडळींनी आधीच समजून घेतलेले बरे.

या आनंदाचे मोल द्यावे लागते, आणि ज्यांना ही पळवाट वाटते त्यांनी ते एकदा मोजून पाहावे. घास बारीक चावून, सावकाश खायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही. ते अर्ध्या तासाच्या अंतराने. ताटात आधी प्रथिने, मग बाकीचे. बायपासनंतर गोड खाल्ले की छातीत धडधड, घाम, चक्कर असा प्रकार अनेकांना होतो. मोदक समोर असतो आणि तो शत्रू झालेला असतो. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, त्वचा लोंबते. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावी लागतात, दरवर्षी रक्त तपासावे लागते. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता मुळातच अधिक असल्याने तेथे हयगय करून चालत नाही. उपवासाचेही तसेच. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि निर्जळी एकादशी ज्याला एका वेळी घोटभरच पाणी पिता येते त्याला झेपणारी नव्हे. वैद्याच्या आज्ञेवरून उपवास सोडल्याने कोणाचे पुण्य घटत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांनीच सांगावे. ते अधिक पटते. मद्याविषयी तर कठोरच असायला हवे. बायपासनंतर मद्य रक्तात झपाट्याने भिनते आणि व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

मनाचे प्रश्न याहून सूक्ष्म आहेत. कित्येकांना अन्न हाच एकटेपणातला सोबती असतो. तो सोबती एका दिवसात हिरावला गेला की पोकळी जाणवते. काहींना नैराश्य येते. स्वीडनमधील त्याच रुग्णांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली : शस्त्रक्रियेनंतर अविवाहितांची लग्ने अधिक जुळली, पण विवाहितांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाणही वाढले. शरीर बदलते, आत्मविश्वास बदलतो, आणि घरातील इतरांना जुनाच माणूस हवा असतो. आपल्याकडे कुटुंबाचा आधार अधिक घट्ट आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. तो घट्टपणा येथे उपयोगी पडावा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनाला रुग्णाबरोबर घरचे एक माणूस जावे आणि स्वयंपाकघरातील तेला-तुपाचा हिशेब एकट्या रुग्णासाठी नव्हे, सर्वांसाठी बदलावा. पंतप्रधानांनी २०२५ साली ‘मन की बात’मध्ये तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले होते, तेही घराघरालाच उद्देशून होते.

या उपायाविषयी लपवाछपवी फार आहे. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत आणि २०१४ साली मधुमेहाच्या त्रासासाठी अरुण जेटली यांनी दिल्लीत ही शस्त्रक्रिया करून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. असे असताना मध्यमवर्गीय घरांत मात्र ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे सांगितले जाते. दुसऱ्या टोकाला जाहिराती आहेत, ज्यांत आधीचे आणि नंतरचे छायाचित्र असते आणि मधली दोन वर्षे नसतात. दोन्ही टोके सारखीच घातक. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी आशियाई रुग्णांसाठी २७.५ निर्देशांकापासून शस्त्रक्रियेचा पर्याय खुला मानला. आपल्याकडील विम्याचे २०१९चे नियम मात्र ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ असा निर्देशांक मागतात. या अंतरात सापडलेल्या माणसाने कर्ज काढावे काय, याचे उत्तर विमा नियामकांनी द्यायला हवे. २०२५पासून भारतात मिळू लागलेली वजन घटवणारी नवी इंजेक्शने काहींना पर्याय ठरतील. पण ती थांबवली की वजन बव्हंशी परत येते, हेही लक्षात घ्यावे लागेल.

राहता राहिला आग्रह. घरोघरी जेवणाऱ्या प्रवासी कार्यकर्त्याची यात सर्वाधिक पंचाईत होते. रोज नवे घर, रोज नवी माउली आणि ‘आमच्याकडचे काही आवडले नाही का?’ हा रोजचाच प्रश्न. ‘शस्त्रक्रिया झाली आहे’ एवढे एक वाक्य आधीच्या फोनवर कळवले, तर वहिनी वरणाचे पाणी न वाढवता घट्ट वरणच वाढतात, वाटीभर ताक बाजूला ठेवतात आणि विषय संपतो. लग्नाच्या कार्यालयात केटरर पूर्ण पानाचेच पैसे लावतो, त्याला इलाज नाही. पण पाटावर मांडी घालून बसलेल्या त्या गृहस्थाचे जेवण चार घासांत आटोपलेले असते, पंगत उठेपर्यंत उठायचे नाही हा शिष्टाचार तो पाळतो, आणि इतरांची तोंडे जिलबीत गुंतलेली असताना बोलायला मोकळा असा तो एकटाच असतो.