समुपदेशकाच्या जोडीला व्यवसायोपचार हवा

शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै 2025 मधील निर्देश स्वागतार्ह असला, तरी केवळ संवादावर थांबणारी व्यवस्था अपुरी ठरेल, असे या पत्राचे ठाम मत आहे.

नैराश्याने झोप, जेवण, अभ्यास यांची घडी मोडलेल्या तरुणाला बोलण्याने धीर मिळतो; परंतु झेपतील अशा कृतींच्या क्रमाने ती घडी पुन्हा बसवणे हे व्यवसायोपचाराचे, म्हणजे दैनंदिन कृतींनाच उपचाराचे साधन करणाऱ्या शास्त्राचे, काम आहे. त्याअभावी सल्ला मिळूनही वर्गातली गैरहजेरी सुटत नाही.

केईएम, नायर, शीव या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत व्यवसायोपचाराचे शिक्षण दिले जात असताना, राज्य सरकारने या निर्देशाच्या अंमलबजावणीच्या आपल्या नियमांत व्यवसायोपचारतज्ज्ञांचा समावेश विनाविलंब करावा.