दुकानातला दोन नंबरचा माणूस



मागच्या व्हिडिओत आपण पहिला कामगार कधी ठेवायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची गोष्ट. सांगेल तेवढंच काम करणारी चार माणसं ठेवून धंदा वाढत नाही. तुमच्या जवळपास पोहोचेल असा एक तरी हुशार माणूस हाताशी लागतो. आणि माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडचे बरेच दुकानदार अशाच माणसाला घाबरतात.

आधी खेळातलं उदाहरण घेऊ. बास्केटबॉल म्हटलं की मायकेल जॉर्डन हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण शिकागो बुल्स संघात त्याची पहिली तीन वर्षं गेली, तेव्हा संघाला प्लेऑफची एकही फेरी जिंकता आली नव्हती. 1987 मध्ये स्कॉटी पिपेन आला, हळूहळू तयार झाला आणि 1991 ते 1998 या काळात त्या संघाने सहा वेळा विजेतेपद मिळवलं. सहाही वेळा पिपेन सोबत होता. मधे जॉर्डन निवृत्त झाला, तेव्हा 1993-94 च्या हंगामात संघाने 82 पैकी 55 सामने जिंकले. आदल्या वर्षी जॉर्डन असताना 57 जिंकले होते. फरक फक्त दोन सामन्यांचा! विजेतेपद मात्र त्या वर्षी आलं नाही. म्हणजे एक नंबरचं महत्त्व राहतंच, पण दोन नंबर भक्कम असला तर घर कोसळत नाही.

आता आपल्या मातीतला माणूस. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे. डिसेंबर 2020 मध्ये अ‍ॅडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपला. त्यानंतर कर्णधार विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला. उपकर्णधार रहाणेने मेलबर्नला 112 धावा केल्या, सामना जिंकला. पुढे एकेक खेळाडू जखमी होत गेला, तरी 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनमध्ये 328 धावांचा पाठलाग करून भारताने मालिका 2-1 ने घेतली. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर कसोटी हरली नव्हती.

हे एका रात्रीत झालं का? नाही. मार्च 2017 मध्ये कोहलीचा खांदा दुखावला, तेव्हा धरमशाला कसोटीत रहाणेच कर्णधार होता आणि तो सामनाही भारताने जिंकला होता. त्याच्या हातात चावी आधीच एकदा देऊन झाली होती.

आता आपल्या दुकानात या. माझं चारठाण्यात हार्डवेअर आणि मोटार-पाईपचं दुकान आहे. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटार जळाली की शेतकरी थांबत नाही. मालक माल आणायला परभणीला गेलेला आणि दुकानातला पोरगा म्हणतो, "शेठ आल्यावर या." गिऱ्हाईक सरळ जिंतूर गाठतं. यात पोराची चूक नाही. भाव किती सोडायचा, उधारी कुणाला किती द्यायची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

"पण सगळं शिकवलं तर तो समोरच दुकान टाकेल ना?" टाकेल कदाचित. पण हुशार माणूस कायम दाबून ठेवता येत नाही. न शिकवताही तो जाईल, आणि तोवर तुम्हाला काही देणारही नाही. पिपेनचंच बघा. 1991 मध्ये लांब मुदतीचा करार करून तो अडकला. 1997-98 मध्ये तो जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होता, पण स्वतःच्याच संघात पगाराला सहावा! रागाने त्याने पायाचं ऑपरेशन पुढे ढकललं, हंगामाचे पहिले काही महिने खेळला नाही, दुसऱ्या संघात पाठवा म्हणाला. विजेतेपद मिळालं, पण नंतर पिपेन गेला, जॉर्डन गेला, प्रशिक्षकही गेला. 1999 च्या छोट्या हंगामात त्याच संघाने 50 पैकी फक्त 13 सामने जिंकले.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. महिन्यातून दोन दिवस दुकान पूर्ण त्याच्यावर सोडा आणि फोन करू नका. उधारीची एक मर्यादा ठरवून द्या, त्याच्या आतला निर्णय त्याचा. चुकला तर गिऱ्हाईकासमोर बोलू नका, शटर पाडल्यावर बोला. आणि पगारासोबत सीझनच्या नफ्यात थोडा का होईना, वाटा ठेवा. तो मागायला येण्याआधी द्या. मागून मिळालेला वाटा आणि आपणहून दिलेला वाटा, रक्कम एकच असली तरी त्याच्या मनात हिशोब वेगळा होतो.

तुम्ही आजारी पडलात, घरी लग्न निघालं, तर तुमचं दुकान आठ दिवस कोण चालवेल? नाव सुचलं असेल तर आजच त्याच्याशी बसून बोला. सुचलं नसेल, तर नवीन रॅक आणि नवीन बोर्ड नंतर घ्या, आधी माणूस घडवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.